अस्पष्ट, ३१:१२

मोबाइल भावाचा जुना, कोपऱ्यात तडकलेला.
जागा भरली की मध्येच बंद पडतो.
म्हणून सिन्नरच्या बसमध्ये, मोहदरी घाट चढताना,
मी आतेबहिणीच्या हळदीचे फोटो पुसले,
मग कॉलेजच्या सहलीचे,
तेव्हा कुठे नव्वद मिनिटांची सोय झाली.

नरसव्वा सामल, वय एकसष्ट.
उंबऱ्याशी बसलेल्या, मांडीवर सूप,
सुपात तंबाखू, पानं, दोरा, कातर.
मोबाइल मी उपड्या पातेल्यावर ठेवला.
"ह्याच्यात माझा आवाज जातो का?" म्हणाल्या,
आणि पातेल्याकडे तोंड करून,
रेशन दुकानात सांगतात तसं मोठ्यानं
आपलं संपूर्ण नाव सांगितलं.

मग अठ्ठावीस प्रश्न.
शेजारच्या कुकरच्या चार शिट्ट्या,
एक भंगारवाला,
आणि मी, दर दोन मिनिटांनी
बॅटरीकडे बघणारी.

नाशिकरोडचा टायपिंगवाला मिनिटाला बारा रुपये म्हणाला.
"विचारून सांगते," मी म्हटलं, जसं काही
विचारायला माझ्यामागे कुणी होतं.
एका ॲपचा अर्धा तास फुकट मिळाला.
त्यानं लिहून दिलं:
*मी चाळीस वर्षं व्हिडिओ वळते.*
*हजार व्हिडिओ वळले की मजुरी.*
*वाकडा व्हिडिओ कारखान्यात मोडून टाकतात.*
म्हसरूळच्या खोलीत मी एकटीच हसले, पोट दुखेस्तोवर,
आणि हातानं लिहायला बसले.

एका मिनिटाला आठ मिनिटं लागतात.
इअरफोनचा उजवा कान मुका.
मॅडमचं म्हणणं, शब्दशः हवं,
खोकला आला तर खोकला लिही.
लिहिला. अठरा वेळा.
फक्त त्यांच्या बोलण्याच्या खाली, बोलणं थांबलं की,
काहीतरी पुटपुट चालू होती, सबंध फाइलभर.
तिथे मी लिहीत गेले: अस्पष्ट.
अस्पष्ट.
अस्पष्ट.

वरच्या मजल्यावर श्रीलता वडनाल राहते, सोलापूरची,
नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला.
नाइट ड्युटीआधी दही मागायला आली,
डावा कान मी तिला दिला.
"अस्पष्ट कुठंय? मोजतायत त्या.
ओकटि, रेंडु, मूडु...
माझी आजी अशीच मोजायची.
पंचविसाची जुडी."
ती ऐकत राहिली, दही खात.
कान एकच, त्यामुळे मला
फक्त तिचा चेहरा ऐकू येत होता.

मग चमचा थांबला.
तिनं स्वतःच मागे नेलं, पुन्हा लावलं.
"इथं पंतोम्मिदि. एकोणीस.
तू काय विचारलंस इथं?"

मी कागद बघितला.
प्रश्न सतरा: अपत्ये किती? पैकी हयात?
समोर माझ्याच अक्षरात: तीन.
आणि बरोबरची खूण.

"तीन म्हणाल्या," मी म्हटलं.
"हो, तीन म्हणाल्या. पण पुढे वीस नाही.
पुढे पुन्हा ओकटि."

एकोणीस विड्या सुपात वळून पडलेल्या असताना
त्या पहिल्यापासून मोजायला लागल्या
आणि मी तेव्हा बघत होते
बावीस टक्के.

श्रीलता ड्युटीला गेली. वाटी धुऊन ठेवून गेली.
३१:१२ च्या पुढे कंस उघडून
मी रात्रभर बसले.
चाळीस वर्षांत हात चुकत नाही, हे त्यांनीच सांगितलेलं,
अकराव्या प्रश्नाला, हसून.
मॅडमच्या खुणांच्या यादीत
खोकल्याला खूण आहे, हसण्याला आहे,
तीन सेकंदांच्या शांततेलाही आहे.

नियम माझाच होता:
लिहून झालं की फाइल पुसायची,
पुढच्या बाईला जागा हवी.
मंगळवारी गंगव्वा कोंडांची वेळ ठरलीय, सकाळी अकरा.
मोबाइल म्हणतो, जागा नाही.
सकाळपासून मी
बाकीचं सगळं पुसतेय.