नमुना एकोणीस

खारघर, सकाळी पावणेनऊ.
दुभाजकावरच्या बोगनवेलीत तो भरउन्हात उभा,
मान एका बाजूला कलती,
तोंड काहीतरी चघळल्यासारखं हलत राहिलेलं.
लोकांनी मोबाइल काढले.
कुणी म्हणालं कुत्रा, कुणी लांडगा,
कुणी नुसतंच: पिसाळलाय.
आम्ही जाळी घेऊन पोचेपर्यंत
आडवा झाला होता.

टेबलावर साडेसहा किलो. नर.
दातांवरून दोन-अडीच वर्षांचा.
पंजांच्या गाद्या कडक, वाळल्या चामड्यासारख्या.
तिथेच मी मनात एक नाव लिहिलं
आणि खोडलं. आधी मेंदू.

जठर उघडलं तेव्हा मोकल वाकून बघू लागले.
खेकड्याची नांगी.
चंदेरी कागदाचा बोळा.
आणि काकडीच्या तीन चकत्या, गोल, सालासकट,
कुठल्यातरी हॉलमागच्या खरकट्यातल्या.
‘कोल्हा काकडीला राजी,’ मोकल म्हणाले,
आणि हसू त्यांच्या मास्कमध्येच राहिलं.
मग बराच वेळ ते बाटल्यांवर चिठ्या चिकटवत होते,
एकोणीसचा नऊ दर वेळी वेगळा.

निकाल अकरा दिवसांनी.
रेबीज नाही. डिस्टेंपर आहे.
म्हणजे कुत्र्यांकडून आलेला,
किंवा दुसऱ्या कोल्ह्याकडून, ज्याला तो कुत्र्यांकडून,
किंवा...
अहवालात ‘किंवा’साठी रकाना नसतो.

आता संध्याकाळी आम्ही खाडीकडेनं हिंडतो,
टपऱ्या, बांधकामं, कोळंबीचे गाळे,
बर्फाच्या डब्यात लस,
खिशात ग्लुकोजची बिस्किटं.
नामीबाईनं काळूला मांडीत दाबून धरला.
‘टोचा. पन त्या तिकरच्याला कोन टोचनार?’
हनुवटी खारफुटीकडे.

तिकडच्याला कुणीच नाही, नामीबाई,
म्हणून तर इकडचे साठ,
असं सांगणार होते.
तेवढ्यात पुलापलीकडून, काळोखातून,
कोल्हेकुई.

काळूचे कान ताठ.
माझ्या तळव्याखाली त्याचं काळीज
आधी धडधड, मग जरा सावकाश.
भुंकला नाही. ऐकत राहिला,
लांबच्या नातलगाचा निरोप ऐकावा तसा.

मी सुई काढली, कापूस दाबला.
मोकलांनी बॅटरी तोंडात धरून वहीत लिहिलं:
सात बावीस. ओहोटी.
आवाज दोन.
मग थांबून, कान देऊन,
पुढे बारीक अक्षरात:
कदाचित तीन.