खरखर

पोहांगच्या मासळीबाजारात, बर्फाच्या पाण्यात
एकतीस वर्षं उभी राहिलेली ओकबुन
रविवारी पाय पिशव्यांत घालून बसली.
लेकीने धाडलेले प्लॅस्टिकचे मोजे,
आत गार, बुळबुळीत काहीतरी, आंबूस वासाचं.
"तासभर ठेव. मग धू. आणि सोलायचं नाही हं,
आपोआप गळू दे."

चार दिवस काहीच नाही. पैसे पाण्यात, ती म्हणाली.
पाचव्या दिवशी टाच सुटली:
आधी कांद्याचा पापुद्रा, मग जाड, पिवळं,
अंथरुणात, चपलेत, दाराशी.
न राहवून एक तुकडा तिने ओढलाच.
झोंबला.

दहाव्या रात्री पाणी प्यायला उठली
तर खालून तापवलेल्या जमिनीची ऊब
थेट तळव्याला कळली. किती वर्षांनी.

"कोण आहे?"
अंधारातून दोकसू, दचकलेला.
नजर गेल्यापासून तो तिला
टाचांच्या खरखरीवरून ओळखायचा.

"मीच," ती म्हणाली, आणि पाणी तसंच ठेवून
त्याच्यापाशी टेकली,
त्याचा हात ओढून टाचेवर ठेवला.
तो चाचपत राहिला.
मग परक्या बाईला लागावा तसा
त्याने हात मागे घेतला.