वजा

एकतीस वर्षं सावद्याच्या शाखेत
मी एकच रकाना भरला : व्याज.
टोकदार निब, शेवटी दोन रेघा.
तीस जून, एकतीस डिसेंबर,
रात्री अकरापर्यंत दिवे,
कोणीतरी भरीत-पुरी आणायचं
आणि पहाटे प्रत्येक खातं
काहीच न करता थोडं मोठं झालेलं असायचं,
पोरं झोपेत वाढतात तसं.

रविवारी हेमकांत डेन्मार्कहून म्हणाला,
बाबा, इथं जास्त ठेव ठेवली की बँकच पैसे कापते.
मी म्हटलं, फोन नीट धर, आवाज तुटतोय.
आवाज तुटत नव्हता.

कागद घेतला. शंभर मांडले.
वजा पाऊण टक्का, तीस वर्षं.
एकोणऐंशी रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे.
दोनदा ताळा केला.

वखारीत धनसिंग बोंडे काट्यावर घड टांगत होते.
ऐकून हसले. "मले काय सांगतं, भो!
आज कापलेला घड उद्या वजनात उतरतो,
परवा काळा पडतो.
म्हणून तर रातोरात दिल्लीची गाडी भरतो आम्ही."

खरं आहे.
पण केळीला थांबता येत नाही.
नसीबा तडवीला येत होतं.
दर शनिवारी खिडकीशी वीस रुपये,
पोरीच्या नर्सिंगसाठी, नऊ वर्षं.
"किती झाले, साहेब?"
मी आकडा सांगायचो. तो तिच्या हिशेबापेक्षा
थोडा जास्त असायचा,
आणि ती पदर सावरून एकदा मागं बघायची,
हे दुसऱ्या कोणाचं तर नाही ना म्हणून.

तिला काय सांगितलं असतं मी?
लवकर खर्च कर, बाई, पोरगी मोठी व्हायच्या आत?

हेमकांत म्हणतो, कर्ज फुकटासारखं,
म्हणून घरं आभाळाला भिडलीत.
बुडायला हवेत ते कारखाने बुडत नाहीत.
म्हातारे आणखीनच साठवतात,
कमी होतंय म्हणून.

मग फोन त्याच्या आईकडे जातो.
मुद्दलापेक्षा व्याज गोड, ती म्हणते, यंदा तरी?
तो म्हणतो, आधी मोठं घर, आई.
घरं महाग आहेत.

जळगावहून घेतलेले चांदीचे वाळे,
इवले, घुंगरांचे,
सहा वर्षं लॉकरमध्ये आहेत.
एप्रिल आला की मीच जाऊन भाडं भरतो,
पावती घडी घालून खिशात ठेवतो.

ते मी आजवर कधी
वजा धरलं नव्हतं.