थेट आणि नियमित

आमच्याकडे भेटीला भेट म्हणत नाहीत.
कायद्यातला शब्द आहे, 'थेट आणि नियमित नाते'.
एकवीस वर्षं तो टाइप करते आहे मी
पुंता अरेनासच्या कौटुंबिक न्यायालयात,
दुसरा मजला, खिडकी कायम बंद,
उघडली की वारा आधी निकालपत्रंच उचलतो.

थेट. आणि नियमित.
जसं काही नळाचं पाणी.

आज ओयार्सो विरुद्ध मिमिका.
एर्विन ओयार्सो, राहणार पोर्वेनिर, सामुद्रधुनीपलीकडे,
मेंढ्या कातरतो; लोकरीच्या तेलानं
हात बाळंतिणीसारखे मऊ.
दानित्सा मिमिका, राहणार इथेच,
इस्पितळात रात्रपाळी, डोळे त्याच पाळीतले.
दोघांच्या मधे एक रिकामी खुर्ची,
तिच्यावर दोन कोट, एकावर एक.

'सहवास संपल्याची तारीख?'
तो म्हणतो, चार मे. मी बोटीत बसलो तो दिवस.
ती म्हणते, त्याच्या आधीचा हिवाळा,
पाइप गोठले त्या रात्री, आणि हा उठला नाही.
कायद्याला एकच तारीख लागते.
मी चार मे लिहिते.
हिवाळ्याला रकाना नाही.

पोटगी ठरली, दर महिन्याच्या पाच तारखेला.
पोटाचं सोपं असतं, त्याला आकडा असतो.
ताबा आईकडे.
हा शब्द आला की मला अजून
जमीन दिसते, काटेरी तार,
मोजणीदाराची साखळी.
बापाकडे एकाआड एक शनिवार-रविवार
आणि जानेवारी अर्धा.

मुलगी यास्ना, वय आठ, अज्ञान.
अठराच्या आतलं सगळं आमच्या भाषेत अज्ञान.
पण तिचं ऐकून घेतलं जावं हा तिचा हक्क,
म्हणून ती आतल्या खोलीत येते
आणि पाय जमिनीला टेकत नाहीत अशा खुर्चीवर बसते.

अज्ञान यास्नाला माहीत आहे :
बोटीला दोन तास वीस मिनिटं लागतात.
बाबा धक्क्यावर लाल टोपी घालतो,
त्याला लाल आवडत नाही, लांबून दिसावी म्हणून.
आई शुक्रवारी बॅग भरते, शनिवारी उघडते,
एक मोजा काढते, परत ठेवते.
आत्या सोबत असते, पण ती झोपते.
आणि दोन्ही किनाऱ्यांवर एकच प्रश्न,
'जेवलीस का?'
त्यात जेवणाचं काही नसतं.

तुला काही विचारायचंय, न्यायाधीशबाई म्हणतात.

'बोट मधोमध असते ना,
तेव्हा मी कुणाकडे असते?'

सल्लागारांचं पेन थांबलं.
माझी बोटं थांबली, तीही पगारी.
बाईंनी चष्मा पुसला, मग म्हणाल्या, कलम घाला :
वाऱ्यामुळे बंदर बंद राहिल्यास
बुडालेला दिवस पुढच्या आठवड्यात भरून द्यावा.
मी घातलं.
हे उत्तर नव्हे, हे यास्नालाही कळलं,
तिनं मान हलवली, मोठ्यांना समजून घेतात तशी.

घटस्फोट म्हणतात, पण फुटण्याचा आवाज
मी इथे कधी ऐकला नाही.
शाई वाळते. शिक्का बसतो. प्रिंटरमध्ये कागद अडकतो.
त्यानं खुर्चीवरून तिचा कोट उचलला
आणि धरला, बारा वर्षांची सवय,
तिनं हात घातला, बारा वर्षांची सवय,
एक बाही आत गेल्यावर
दोघांनाही आठवलं.
दुसरी बाही तिनं एकटीनं शोधली, वेळ लागला.

शुक्रवारी चारला मी बंदर कार्यालयाला फोन लावते.
हे माझं काम नाही, कुणी सांगितलेलं नाही.
पलीकडचा माणूस आता आवाज ओळखतो,
नाव विचारत नाही.
'उद्या?'
'पश्चिमेचा वारा, ताशी सत्तर. अजून उघडं आहे.'
'आणि सकाळी?'
'सकाळचं सकाळी बघू, बाई.'
मी फोन ठेवते, डबा धुते,
टोपी घालते, कानांवरून खाली ओढते.