पाच पूर्णांक तीन

सोलापुरात, साखर पेठेत, पंखासुद्धा घाम पुसतो अशा दुपारी
मी प्रोसेसरचा वेग वाढवतोय.
पाच पूर्णांक एक. चालला.
पाच-दोन. चालला. तापमान ब्याण्णव.

समोर मल्लेशमचा, दुसऱ्या कंपनीचा:
दहा फ्रेम कमी देतो,
पण पंखा नुसता कुजबुजतो.
पैज कडक भाकरी-शेंगाभाजीची.

पाच-तीन.
स्क्रीन निळी.

दारात राजय्यामामा, जन्मभर मागावर जॉबर.
पेटीवर हात ठेवला,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
म्हणाले, "सूत तुटायच्या आधी
खटखट बदलते. ऐकलीस?"

नव्हती ऐकली. कानांवर हेडफोन होते.

आता व्होल्टेज उतरवून पाच-एकवर थांबलोय,
एक कान उघडा.
मल्लेशमचा अजूनही माझ्यापेक्षा थंड चालतो,
हे त्याला एवढ्यात कळवत नाही.