जास्तीचे दोन व्हॉल्व्ह

वेइक्को सांगतो, चूक एका मंगळवारी झाली.
दुकानात गेला होता नुसती वायर आणायला,
बाहेर आला तो नवा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन.
मग त्याला शोभतील असे स्पीकर,
मग स्पीकरना शोभेल असा ग्रॅनाइटचा चौथरा.
हौसेला मोल नसतं म्हणतात.
होतं. बारा हप्त्यांत.

जुना त्याने एका विद्यार्थ्याला देऊन टाकला,
जवळजवळ फुकट, खोक्यासकट.

आता सगळं ऐकू येतं:
गाणारीने ओठ ओले केलेले,
चेलोवाल्याची खुर्ची करकरलेली,
मागे कुणीतरी पान उलटलेलं.
गाणं तेवढं कुठे सापडत नाही.
इर्या विणता विणता म्हणाली,
"जुना आपला गुरगुरायचा.
मला वाटायचं, घरात मांजर आहे."

तांपेरेचा नोव्हेंबर. चारलाच अंधार.
ड्रॉवरमध्ये हाती लागले जास्तीचे दोन व्हॉल्व्ह,
कागदात गुंडाळलेले, वर त्याचंच अक्षर: डावा, उजवा.
निमित्त मिळालं.
ट्रॅमने पुलापलीकडे, मग तीन मजले पायी.

ओन्नीने दार उघडलं,
त्याच्याआधी ती गुरगुर बाहेर आली.
स्टुलावर अ‍ॅम्प्लिफायर, वर वाळत घातलेले मोजे.
"ऊब छान देतो," पोरगा ओशाळून म्हणाला.
वेइक्को कोट न काढताच बसला,
रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत.
परत मागायचं ठरवून आला होता,
ते मोज्यांकडे बघता बघता राहून गेलं.

व्हॉल्व्हही खिशातच राहिले.
पुन्हा यायला काहीतरी हवं.