चौदा मिलिमीटर

इथं सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात.
मिस्टर ऑल्डरसननी पडदा माझ्याकडे वळवला:
कवटीच्या करड्या अंधारात एक पांढरा ठिपका,
भिजलेल्या काबुली चण्याएवढा,
डाव्या कानाच्या नसेला बिलगून.
चौदा मिलिमीटर. "बिनाइन," ते म्हणाले.

वीस वर्षं मी हा शब्द मराठीत आणतेय
शेफील्डच्या याच इस्पितळात, दुसऱ्यांच्या खुर्चीशेजारी बसून.
सौम्य, म्हणायचे. गाठ सौम्य आहे, काकू.
सांगून आलेल्या स्थळाबद्दल सांगावं तसं.
आज खुर्चीत मी, आणि शेजारी कुणी नाही.

वय? एकोणसाठ.
उजवा कान? शाबूत.
डाव्यानं किती शब्द कळतात?
शंभरातले बासष्ट. काल मोजले काचेपलीकडच्या मुलीनं.
उरलेले अडतीस कुठे जातात
ते तिलाही ठाऊक नव्हतं.

कवटी उघडली तर कान जाईल, कदाचित चेहराही;
हसण्याची नस तिथूनच जाते,
एका अरुंद जिन्यातले दोन भाडेकरू.
किरण दिले तर गाठ थांबेल, बहुतेक,
ऐकणं मात्र उताराला लागेल हळूहळू.
काहीच केलं नाही, तर सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन.
"तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं काय?"
त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी म्हणाले, काम. ते खरंच होतं.
फोन डाव्या कानाला, उजव्या हातानं लिहायचं.
कुणाची तरी सासू ओल्डहॅमहून सांगते पोटातलं:
कळ की मुरडा,
एवढ्याशा फरकावर गोळी बदलते.

हे नाही सांगितलं
की यदुनाथ माझ्या डावीकडे झोपतो
आणि दिवा मालवल्यावरच बोलतो.
पस्तीस वर्षांत जे काही बोलला, ते याच कानात.
हल्ली मी नुसतं "हं" म्हणते. त्याला वाटतं, कळलं.

बाहेर ग्लॉसप रोडचा उतार.
आधी पाऊल, मग जमीन, ओल्या कठड्याला धरून.
कानात कुकरची शिटी होण्याआधीची घरघर.
शिटी काही होत नाही.

नोव्हेंबरची तारीख घेऊन आले.
रात्री उशी उचलून
पलंगाच्या दुसऱ्या बाजूला टाकली.
"काय गं?" यदुनाथ म्हणाला.
उजव्या कानात. नवाच वाटला आवाज.
"परत म्हण," म्हटलं,
ऐकू आलं होतं तरी.